रस्त्याकडेच्या जागेचा हिशेब

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, ते आयुष्यभर पुण्याच्या या पेठांमधून पायीच हिंडले, असं संयोजकांनी मला सांगितलं. वाहनतळावर बोलायला उभं राहण्याआधी हे आठवणं बरं. कारण गाड्या लावण्याच्या जागेची चर्चा आपल्याकडे नेहमी गाडीवाल्यांमध्येच होते. पायी चालणारा त्या बैठकीला नसतो आणि बैठकीत जी जागा वाटली जाते ती बहुतेकदा त्याची असते.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. पेठांमध्ये जागा अपुरी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण जी आहे ती कुणाला, किती वेळ आणि काय मोबदल्यात द्यायची, हे आपण कधी ठरवलंच नाही. ते ठरवल्याशिवाय कितीही वाहनतळ बांधले तरी लक्ष्मी रस्ता मोकळा होणार नाही.

लक्ष्मी रस्त्यावर सकाळी दहाच्या सुमारास उभे राहून पाहा. शटरं वर जात असतात, कुणी पायरीवर पाणी मारतं, कुणी गल्ल्याला उदबत्ती ओवाळतं. पहिली स्कूटर येते ती कुलूप उघडणाऱ्या नोकराची. मग काउंटरवरच्या विक्रेत्यांच्या मोटरसायकली. मग शेजारच्या जिन्यातून वर जाणारे वकील, सीए, त्यांचे कारकून. शेवटी मालकांची मोटार. तिच्यासाठी दोन कुंड्या आणि एक स्टूल आधीच रस्त्यावर मांडून ठेवलेलं असतं. साडेअकरापर्यंत दुकानापुढची कड भरून जाते आणि तिच्यात गिऱ्हाईक एकही नसतं. बाराच्या पुढे वाघोलीहून किंवा नऱ्ह्याहून लग्नाचा बस्ता काढायला मंडळी येतात. आई आणि आजी दुकानाशी उतरतात आणि मुलगा गाडी घेऊन जागेच्या शोधात निघतो. रस्ता एकेरी, एक जागा हुकली की अख्खा फेरा मारून यायचं. तो दुसऱ्यांदा दुकानावरून जातो तेव्हा आजी आतून हात करते. तो हात करून पुढे जातो, कारण मागचा हॉर्न वाजवतोय.

आता साधं गणित करू. एक मोटार उभी राहायला साधारण पाच मीटर लांबी लागते, म्हणजे शंभर मीटरच्या पट्ट्यात वीस मोटारी. त्या सकाळी दहाला लागून रात्री आठला निघाल्या तर दिवसभरात त्या पट्ट्याचा उपयोग वीस जणांना झाला. प्रत्येक गाडी अर्ध्या तासाने हलली तर तोच पट्टा चारशे जणांच्या कामी येतो. जागा तेवढीच, नवं बांधकाम शून्य. पहिल्या पंगतीला बसलेली माणसं जेवण झाल्यावरही पाटावरून उठलीच नाहीत, तर यजमानाने मांडव कितीही वाढवला तरी दारातली माणसं उपाशीच राहणार. आपण गेली कित्येक वर्षं मांडव वाढवण्याच्याच गोष्टी करतो आहोत.

हे दुखणं पुण्याचं एकट्याचं नाही आणि नवंही नाही. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीच्या बाजारपेठेत १९३०च्या दशकात हेच चाललं होतं. दुकानांतले नोकर सकाळी येऊन दारातल्या जागा अडवायचे आणि गिऱ्हाईक बाहेरच्या बाहेर परत जायचं. गाऱ्हाणं पादचाऱ्यांचं नव्हतं, व्यापाऱ्यांचंच होतं. त्यांच्या चेंबर ऑफ कॉमर्सच्या वाहतूक समितीचे कार्ल मॅगी हे व्यवसायाने वृत्तपत्राचे संपादक. नाणं टाकल्यावर ठरावीक वेळ मोजणारं यंत्र बसवावं, ही कल्पना त्यांनी मांडली आणि १६ जुलै १९३५ रोजी जगातला पहिला पार्किंग मीटर त्या शहरात उभा राहिला. दर तासाला पाच सेंट. पालिकेची तिजोरी भरणं हा त्यामागचा पहिला हेतू नव्हता. दिवसभर ठाण मांडणाऱ्याने दूर जाऊन गाडी लावावी आणि अर्ध्या तासाच्या कामासाठी आलेल्याला दारात जागा मिळावी, एवढ्यासाठी ती पाच सेंटची अडचण उभी केली होती.

आपण पुण्यात काय उपाय केला? पी-वन, पी-टू. विषम तारखेला गाड्या या बाजूला, सम तारखेला त्या बाजूला. दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना सारखा न्याय मिळतो आणि एक बाजू रहदारीला मोकळी राहते. तरीही ३१ तारखेच्या पाठोपाठ १ तारीख येते, दोन्ही विषम, आणि एका बाजूच्या पदरात लागोपाठ दोन दिवस पडतात, हा आपल्या न्यायबुद्धीतला बारीकसा तिढा आहेच! पण खरी उणीव निराळी. गाडी कुठल्या बाजूला लावायची हे पी-वन सांगतो, किती वेळ लावायची हे सांगत नाही. म्हणजे मालकांची मोटार आज अलीकडे आणि उद्या पलीकडे, पण दोन्ही दिवस दहा ते आठ.

दुसरा उपाय टोइंगचा. वाहतूक पोलिसांचा टेम्पो येतो, पोरं भराभर खाली उडी मारतात, दोघं मिळून स्कूटर उचलतात, आणि पट्ट्याबाहेर चाक गेलेला माणूस हातातली पिशवी सांभाळत टेम्पोमागे धावतो. दंड भरतो, चरफडतो. त्याच वेळी पट्ट्याच्या आत सकाळपासून उभी असलेली गाडी मात्र नियमानुसार निर्दोष असते. आपली सगळी शिक्षा चुकीच्या जागेला आहे, जास्त वेळेला नाही. त्यात रस्ता महापालिकेचा, पट्टे महापालिकेचे आणि कारवाई पोलिसांची. या दोन खात्यांचे आकडे एका कागदावर आणून कुणी पाहत नाही.

तिसरा उपाय बांधकामाचा. मंडईत जाणाऱ्यांना आर्यन आणि मिनर्व्हा ही नावं तोंडपाठ आहेत. आर्यन हे पुण्यातलं अगदी सुरुवातीचं चित्रपटगृह, १९१५ साली निघालेलं. ते पाडलं आणि आज तिथे महापालिकेचं बहुमजली वाहनतळ आहे. मिनर्व्हाचंही तेच झालं. मी या वाहनतळांच्या विरोधात नाही. गणपतीत आणि दिवाळीत ते नसते तर मंडईत पाऊल ठेवता आलं नसतं. पण वाहनतळात पैसे देऊन तिसऱ्या मजल्यावर गाडी चढवायची आणि बाहेर रस्त्यावर तीच गाडी फुकट लावायची मुभा असली, तर शहाणा माणूस आधी बाहेर दोन चकरा मारणारच. आत जागा आणि बाहेर कोंडी, असं चित्र दिसतं ते याच हिशेबामुळे. मुंबईतही सार्वजनिक वाहनतळ रिकामे आणि भोवतालचे रस्ते गच्च, असं झालं होतं. म्हणून जुलै २०१९मध्ये तिथल्या महापालिकेने वाहनतळांच्या पाचशे मीटरच्या परिसरात बेकायदा गाडी लावणाऱ्याला पाच हजारांपासून पुढे दंड जाहीर केला, मोठ्या गाड्यांना तर वीस हजारांच्याही वर. गवगवा खूप झाला आणि पुढे दंडाची रक्कम खाली आणावी लागली. रोजचा वाजवी दर लावायचा नाही आणि एकदम जबर दंड लावायचा, ही रीत टिकत नाही.

स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहराने या बाबतीत एक नेमका करार केला. १९९६मध्ये तिथल्या पक्षांनी तडजोड केली की शहराच्या मध्यभागातल्या जागांची संख्या १९९०च्या पातळीवर गोठवायची. जमिनीखाली नवं वाहनतळ जरूर बांधा, पण आत जेवढ्या नव्या जागा होतील तेवढ्याच वरच्या रस्त्यावरून पुसून टाका. मोकळी झालेली जागा चालणाऱ्यांना. आपण आर्यन बांधलं, मिनर्व्हा बांधलं. त्या बदल्यात रस्त्यावरची एखादी तरी जागा कमी करावी असं कुणाला वाटलं का?

आता भावाकडे येतो. मोटारीला फक्त उभं राहायला बारा-साडेबारा चौरस मीटर लागतात. आत-बाहेर करायची वाट धरली तर उघड्या वाहनतळात एका मोटारीमागे तेवीस चौरस मीटर धरण्याची आपल्याकडच्या नियोजनातली पद्धत आहे. तळघरात तोच आकडा बत्तीसवर जातो. बत्तीस चौरस मीटर म्हणजे जवळपास साडेतीनशे चौरस फूट. पेठेतल्या कित्येक बिऱ्हाडांनी याहून लहान दोन खोल्यांत पोरांची लग्नं केली. तेवढ्या जागेचं दुकानभाडं लक्ष्मी रस्त्यावर काय पडतं, ते या सभागृहातल्या व्यापाऱ्यांनी मनातल्या मनात आठवावं, आणि उंबऱ्याबाहेरच्या जागेचं भाडं शून्य का, असं स्वतःला विचारावं. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात केंद्र सरकारने हेच लिहून ठेवलं आहे की, गाडी ज्या जमिनीवर उभी राहते त्या जमिनीचं मोल पार्किंगच्या शुल्कात उतरलं पाहिजे. कागद तयार होऊन किती वर्षं झाली, ते मोजा.

या विषयाचा सर्वांत मोठा अभ्यासक म्हणजे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवणारे डोनाल्ड शूप. २००५मध्ये त्यांनी फुकट पार्किंगच्या महागाईवर भला मोठा ग्रंथ लिहिला. २०२५च्या फेब्रुवारीत ते गेले. विद्यापीठाशेजारच्या वेस्टवुड व्हिलेज या छोट्या बाजारपेठेत जागा शोधायला माणसाला सरासरी ३.३ मिनिटं लागतात, असं त्यांनी मोजलं. तीन मिनिटं म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण पंधरा चौकांएवढ्या त्या भागात केवळ जागा शोधण्यासाठी झालेली रपेट वर्षाला साडेनऊ लाख मैल भरली. रस्त्यावर दिसणाऱ्या गर्दीतला एक भाग कुठेही जात नसतो. तो बस्त्याला आलेल्या त्या मुलासारखा नुसता फिरत असतो.

शूप यांचं सांगणं थोडक्यात असं: दर असा ठेवा की प्रत्येक गल्लीत कोणत्याही वेळी एक-दोन जागा मोकळ्या सापडतील. सगळ्या भरल्या असतील तर दर कमी आहे, निम्म्या ओस असतील तर जास्त आहे. सॅन फ्रान्सिस्कोने २०११पासून सुमारे सात हजार मीटरवर हे करून पाहिलं. गल्लीप्रमाणे आणि वेळेप्रमाणे दर वेगळे ठेवले, आणि मोजणी करून एका वेळी फक्त पंचवीस सेंट वाढवले. जिथे गाड्या नव्हत्या तिथे दर उतरवले. प्रयोगाच्या शेवटी तिथल्या मीटरचा सरासरी दर आधीपेक्षा किंचित खाली आला होता. दर लावणे म्हणजे सरसकट लूट, असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पण नुसता दर लावला की लोक चिडतात, आणि ते रास्त आहे. यावर कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाचं उदाहरण मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. तिथली जुनी पेठ, ओल्ड पॅसाडेना, पार मोडकळीला आली होती. मीटर बसवायचं निघालं तेव्हा दुकानदार म्हणाले, आमचं उरलंसुरलं गिऱ्हाईकही जाईल. गंमत म्हणजे जागा अडवून बसण्यात खुद्द दुकानदार आणि त्यांचे नोकरच पुढे होते. कोंडी सुटली ती एका वचनावर: मीटरचा सगळा पैसा याच पेठेत खर्च होईल. १९९३मध्ये तासाला एक डॉलर दराने मीटर लागले. त्या उत्पन्नाच्या भरवशावर पालिकेने पन्नास लाख डॉलरचं कर्ज काढलं आणि फुटपाथ नवे केले, झाडं लावली, दिवे बसवले, मागच्या घाणेरड्या बोळांतून चालायच्या वाटा काढल्या. पैसा डोळ्यांपुढे खर्च होताना दिसला आणि विरोध मावळला.

पुण्यात मार्च २०१८मध्ये पार्किंगचं धोरण सर्वसाधारण सभेत आलं तेव्हा नेमकं हेच राहून गेलं. त्याच सुमारास शहरातली नोंदणीकृत वाहनं ३६ लाखांवर आणि लोकसंख्या ३५ लाखांच्या घरात, अशी बातमी झळकली होती. चारातली जवळजवळ तीन वाहनं दुचाकी. धोरण गरजेचं होतं. पण लोकांच्या कानावर गेलं ते फक्त दरपत्रक. आंदोलनं झाली, काटछाट झाली, पाच रस्त्यांवर प्रयोग करायचं ठरलं आणि पुढे अनेक वर्षं तो प्रयोग कागदावरच राहिला. ‘तुमच्या गल्लीतून जमा झालेला रुपया तुमच्याच गल्लीच्या फुटपाथवर दिसेल’, असं त्या वेळी कुणी म्हटलं असतं, तर निदान भांडण निराळं झालं असतं.

दोन आक्षेपांना उत्तर देणं माझं कर्तव्य आहे. पहिला: गरिबाने काय करायचं? प्रश्न खरा आहे, पण तो मोटारीच्या खिडकीतून विचारला जातो तेव्हा मला शंका येते. तुळशीबागेत येणाऱ्यांतला सर्वांत गरीब माणूस पीएमपीच्या बसने येतो किंवा चालत येतो. त्याला फुकट पार्किंगचा उपयोग शून्य. उलट फुटपाथवर लावलेल्या मोटरसायकलींमुळे तो रस्त्यावर उतरून बसपुढून चालतो. दुचाकीवर येणारा फेरीवाला, घरपोच माल देणारी पोरं, दिव्यांग माणूस यांना सवलत द्या, पहिली पंधरा मिनिटं मोकळी ठेवा, दुचाकीचा दर तिच्या जागेइतकाच ठेवा. पण गरिबाच्या नावाने मोटारीला फुकट जमीन देऊ नका.

दुसरा आक्षेप: पैसा ठेकेदाराच्या खिशात जाईल. हा आक्षेप मला मान्य आहे. पावतीवर एक आकडा आणि तोंडी दुसरा, पावती मागितली की ‘संपली’, हा अनुभव इथे कुणाला नाही? ठेका कसा देऊ नये याचा धडा शिकागोने घालून दिला आहे. २००८मध्ये त्या शहराने आपले छत्तीस हजार मीटर पंचाहत्तर वर्षांसाठी एका खासगी समूहाला एक अब्ज पंधरा कोटी डॉलरना देऊन टाकले. शहराच्याच महानिरीक्षकांनी पुढे सांगितलं की, सौदा सुमारे सत्त्याण्णव कोटी डॉलरनी स्वस्तात गेला. हातात आलेला पैसा अंदाजपत्रकाची भोकं बुजवण्यात भराभर संपला, आणि करार असा की उत्सवासाठी रस्ता बंद केला तरी कंपनीला भरपाई द्यायची. लक्ष्मी रस्त्यावर असा करार झाला तर विसर्जन मिरवणुकीचं बिल महापालिकेला येईल, एवढं सांगितलं की पुरे. म्हणून दर ठरवण्याचा अधिकार महापालिकेने कधीही सोडू नये. ठेका द्यायचाच तर मुदत थोडी, वसुली मोबाइलवर किंवा यंत्रावर, ठेकेदाराला ठरलेली मजुरी आणि सगळी जमा थेट महापालिकेच्या खात्यात.

आणखी एका नियमाकडे लक्ष वेधतो: इमारत बांधताना ठरावीक संख्येने पार्किंग दिलंच पाहिजे, हा. ऐकायला योग्य वाटतो. पेठेत त्याने काय झालं पाहा. वाडा पाडून नवी इमारत उठते तेव्हा रस्त्याला लागून असलेला ओटा जातो, दुकान मागे सरतं, आणि तळमजल्यावर खांबांमधली अंधारी पोकळी उरते. तिचा खर्च घराच्या किमतीत चढतो. ज्याच्याकडे गाडी नाही तोही भरतो. काही ठिकाणी वर्ष-दोन वर्षांत त्याच पोकळीत गाळा निघतो आणि गाड्या पुन्हा रस्त्यावर येतात. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७मध्ये किमान पार्किंगची सक्तीच काढून टाकली; मेक्सिको सिटीनेही त्याच वर्षी. याउलट जपानने ओझं मालकावर टाकलं. १९६२च्या कायद्यापासून तिथे मोटार घ्यायची तर ती ठेवायला रस्त्याबाहेर जागा आहे असा पोलिसांचा दाखला लागतो, आणि ती जागा आता घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. २०२५मध्ये आपल्या राज्याच्या परिवहन मंत्र्यांनीही, जागा दाखवल्याशिवाय गाडीची नोंदणी नाही, असा विचार बोलून दाखवला. विचार चांगला. पण जपानमध्ये रात्री रस्त्यावर गाडी ठेवता येत नाही आणि पायाशी रेल्वे आहे. या दोन गोष्टींशिवाय नुसता दाखला मागितला तर आपल्याकडे दाखल्यांचाच धंदा सुरू होईल.

सुदैवाने पेठांसाठी ही वेळ बरी आहे. मंडईत आता जमिनीखाली मेट्रोचं स्थानक आहे. २०२१पासून महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते आणि लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा त्या दिवशी गाड्यांविना खुला होतो. त्या दिवशी माणसं रस्त्याच्या मधोमध निवांत चालताना दिसतात. उरलेल्या दिवसांसाठी मी सुचवतो ते एवढंच. मंडई, लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबाग मिळून एक विभाग धरा. रस्त्यावरचा दर वाहनतळाच्या दरापेक्षा चढा ठेवा, म्हणजे थोड्या वेळाचा माणूस दारात थांबेल आणि दिवसभराचा आर्यनमध्ये जाईल. दुकानांतल्या नोकरांना वाहनतळाचा स्वस्त मासिक पास द्या; तेही आपलीच माणसं आहेत, त्यांना हुसकावून चालणार नाही. माल उतरवायच्या वेळा आणि जागा ठरवा. दर तीन महिन्यांनी मोजणी करा आणि त्याप्रमाणे दर हलवा. जमा रकमेतला ठरलेला वाटा त्याच विभागात फुटपाथ, स्वच्छतागृहं आणि बसथांब्यांवर खर्च करा आणि हिशेबाचा फलक चौकात लावा.

यात नवं तंत्रज्ञान फार थोडं आहे. लागतो तो व्यापारी, रहिवासी, पोलीस आणि महापालिका यांना एका टेबलाशी बसवण्याचा चिवटपणा, आणि पहिल्या सहा महिन्यांची आरडाओरड सोसणारा नगरसेवक. त्याला पाठबळ द्यायचं काम आपलं आहे. आपण निवेदनं द्यायला कमी करत नाही. पण ‘वाहनतळ बांधा’ ही आपली एकच ठरलेली मागणी असते, कारण बांधकाम डोळ्यांना दिसतं आणि त्याचं उद्घाटन होतं. पुढचं निवेदन लिहाल तेव्हा त्यात चार प्रश्न घाला: आमच्या रस्त्यावर एकूण जागा किती, कोणत्या वेळी त्यांतल्या किती भरलेल्या असतात, एक गाडी सरासरी किती वेळ थांबते, आणि जमा झालेला पैसा कुठे गेला? यांची उत्तरं ज्या महापालिकेकडे नाहीत, तिला नव्या वाहनतळासाठी आपला एक रुपयाही मागण्याचा अधिकार नाही. आणि ती उत्तरं मिळाल्यावर आपल्या दारातली फुकटची जागा सोडायला जो तयार नाही, त्याने पुन्हा वाहतूक कोंडीबद्दल तक्रार करू नये.